वजन उतरतं ते किराण्याच्या यादीतून

पुनावळ्यात राहून एक समज मला पावलोपावली भेटतो. वजन कमी करायचं म्हणजे आधी कुठेतरी पैसे भरायचे, असा तो समज. जिमची वर्षाची फी, आहारतज्ज्ञाचं पॅकेज, डब्यातली पावडर, ओट्स, ऑलिव्ह तेल, हातातलं पावलं मोजणारं घड्याळ. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि शेताच्या जागी टॉवर उभे राहिले. आता इथला माणूस हिंजवडीला, तळवड्याला, चाकणला कामाला जातो, गृहकर्जाचा हप्ता भरतो, मुलांच्या शाळेची फी भरतो आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला हात आखडतो. अशा घरात वजनाचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: पगार वाढला की बघू. ही चालढकल मला मनापासून चुकीची वाटते. निदान सुरुवात तरी पैसे न भरता होते. उलट ती योग्य रीतीने केली तर महिन्याचं किराण्याचं बिल उतरतं.

सुरुवात करायची की नाही, हे ठरवायलाही महागडं यंत्र लागत नाही. शिंप्याकडे असते ती मोजपट्टी पुरते. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढतो, ही आपल्याकडच्या डॉक्टरांनी मानलेली मर्यादा आहे. वजनकाट्यापेक्षा मी कमरेवर जास्त भर देतो, त्याचं कारण पुण्यातल्याच एका कामात आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलं आणि लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी दडलेली असते, हे त्या एका चित्राने जगाला कळलं. देशव्यापी आकडेही तेच सांगतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीएमआयच्या हिशेबाने 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष जाड ठरले, पण कंबर आणि नितंब यांच्या प्रमाणावरून धोक्यात असलेल्या स्त्रिया 56.7 टक्के आणि पुरुष 47.7 टक्के निघाले. तेव्हा हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा जो बांधा आपल्याकडे वयाचा भाग म्हणून सोडून दिला जातो, त्याच बांध्याची काळजी आधी घ्यायला हवी.

आता किराण्याकडे येऊ, कारण माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर माणशी दिवसाला साधारण 38 ग्रॅम तेल पोटात जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये जो आदर्श ताटाचा नमुना दिला, त्यात दोन हजार कॅलरींच्या आहाराला दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. म्हणजे पाचाऐवजी साडेतीन लिटर तेल आणलं की घर त्या आकड्यापाशी येतं आणि प्रत्येकाच्या पोटातल्या रोजच्या शंभरेक कॅलरी कमी होतात. साखरेचंही तसंच. चार किलोच्या जागी दोन किलो आणली तर माणशी रोजच्या साठ-पासष्ट कॅलरी गेल्या. चहाबरोबरची चार बिस्किटं आणि संध्याकाळचं मूठभर फरसाण बंद झालं की आणखी दीडशेच्या पुढे. बेरीज तीनशेच्या वर जाते. एक किलो चरबीला सुमारे 7,700 कॅलरी धरतात. त्या हिशेबाने कागदावर महिन्याला किलोभर वजन उतरायला हवं. प्रत्यक्षात शरीर जुळवून घेतं, त्यामुळे पुढे वेग मंदावतो, पण दिशा बदलत नाही. तेल लिटरला दीडशे आणि साखर किलोला पंचेचाळीस धरली तर महिन्याला तीनशे रुपये उरतात, बिस्किटं-फरसाणाचे वेगळे.

बंद करण्यापेक्षा कमी आणण्यावर माझा भर आहे, हे मुद्दाम सांगतो. डब्यात पाच लिटर तेल असताना रोज पळी आखडती धरणं कुणालाच जमत नाही. फोडणी घालणारा हात सवयीने चालतो. पण डबाच साडेतीन लिटरचा असेल आणि तो महिनाभर पुरवायचा असेल, तर हात आपोआप सावरतो. टंचाईत घर चालवण्याची कला मराठी बायकांना कुणी शिकवावी लागत नाही. तीच कला इथे कामी येते.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. लोक म्हणतात, स्वस्त अन्न हेच मुळात जाड करणारं अन्न आहे. गहू-तांदूळ रेशनवर मिळतो, डाळी, भाज्या, दूध, फळं नाहीत. कमी पैशात पोट भरायचं तर भात आणि पोळीच वाढणार. हे खरं आहे, आणि जे घर रोजच्या मजुरीवर चालतं त्याला मी साडेतीन लिटरचा सल्ला देणार नाही, तिथे तेल आधीच मोजकं असतं. पण मधल्या उत्पन्नाच्या घरात हा आक्षेप अर्धाच टिकतो. वर उरलेल्या तीनशे रुपयांत किलोभर मटकी, अर्धा किलो सोयाबीनच्या वड्या आणि डझनभर अंडी बसतात. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात पंचवीस, डाळी-कडधान्यांत वीस-बावीस, एका अंड्यात सहा. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन वाट्या दही, मूठभर शेंगदाणे आणि दोन अंडी किंवा थोड्या वड्या, एवढ्यात तो आकडा जवळपास गाठता येतो. पावडरचा डबा विकत घेण्याची गरज यात कुठे दिसते? भाजीचा भाव मात्र पावसाळ्यात खरोखर चढतो. तेव्हा त्या दिवसांत जी स्वस्त असेल ती, मग दुधी, कोबी, मुळा, काकडी, काहीही चालेल. पिंपरीच्या मंडईत किंवा आठवडे बाजारात दिवस मावळताना गेलं तर तीच भाजी आणखी स्वस्त पडते. भाकरीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्वारीने चरबी वितळते, असं सर्रास सांगतात. ज्वारी आणि गहू यांच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच असतात. भाकरीचा फायदा एवढाच की तिला तेल लागत नाही आणि ती चावत खावी लागते. तोही थोडाथोडका नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो: मग दीक्षित की दिवेकर? 2018 च्या सुमारास हा वाद महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला होता. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा आणि 45 मिनिटं चालण्याचा मार्ग सांगितला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी दर दोन तासांनी थोडं थोडं, स्थानिक आणि हंगामी खाण्याचा. दोन्ही बाजूंनी लोक हिरिरीने भांडले, पण दोघांचं एकमत कुठे आहे, ते फार कमी जणांनी पाहिलं. पाकीटबंद खाणं दोघांनाही नको आहे आणि घरचा स्वयंपाक दोघांनाही हवा आहे. बाकी वेळापत्रकाच्या भांडणावर संशोधनाने बऱ्यापैकी उत्तर दिलं आहे. 2022 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये चीनमधल्या 139 जाड लोकांचा वर्षभराचा अभ्यास आला. सगळ्यांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या, निम्म्यांनी मात्र आठ तासांच्या आतच खाल्लं. त्या गटाचं वजन सरासरी आठ किलोने उतरलं, दुसऱ्याचं 6.3 किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकेत 609 जणांवर कमी स्निग्ध आणि कमी पिष्टमय आहारांची तुलना झाली, त्यातही दोन्ही गट पाच-सहा किलोंवरच थांबले. म्हणून माझं मत असं की जी पद्धत तुमच्या घड्याळात बसते ती घ्या. सकाळी सहाला बस पकडणाऱ्याला दोन जेवणं सोयीची असतील, घरी दुपारभर मुलांबरोबर असलेल्या आईला कदाचित नसतील. कोणतीही पद्धत मोफतच आहे.

घरातल्या बाईचा मुद्दा या सगळ्या चर्चेत सर्वांत कमी बोलला जातो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काटकसरीच्या घरात अन्न वाया घालवणं पाप मानतात. त्यामुळे मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला शेवटचा भात, सकाळची उरलेली भाजी हे सगळं शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या पोटात जातं. तिला कमी खा म्हणणं हा अन्याय आहे, कारण ती स्वतःसाठी वाढून घेतच नाही. याचा उपाय ताटावर सापडत नाही, तो शिजवण्याआधी करावा लागतो. तांदूळ वाटीने मोजून घेणं, पोळ्या माणसांना विचारून करणं. उरलं नाही तर कुणाला संपवावंही लागत नाही, आणि महिन्याचे दोन-तीन किलो धान्य वाचतं. वेगळा पथ्याचा स्वयंपाक करण्याची अपेक्षा तर तिच्याकडून मुळीच ठेवू नये. एकाच पातेल्यात कमी तेलाची भाजी सगळ्यांसाठी होते. उपासाचंही असंच. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही आली. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठूळ साबुदाणा, तूप आणि दाण्याचं कूट, तिच्यात साध्या जेवणापेक्षा कॅलरी जास्त भरू शकतात. राजगिरा, ताक आणि एखादं फळ यांवर उपास घडतो आणि खर्चही कमी येतो.

चाकणच्या पट्ट्यातले कामगार म्हणतील, आमचं जेवण आमच्या हातात कुठे आहे? 1948 च्या कारखाने कायद्याने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन सक्तीचं केलं, ते मोठंच काम झालं. पण छोट्या वर्कशॉपमधल्या कंत्राटी मुलाला कँटीन नसतं. त्याची भूक गेटबाहेरच्या गाडीवर भागते. एका वडापावात सुमारे तीनशे कॅलरी असतात, आणि तासभर चालून साधारण अडीचशे खर्च होतात. तिसऱ्या पाळीत पहाटे तीनला वडापाव आणि गोड चहा घेणं शरीराला सर्वांत महाग पडतं, कारण त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. पाळीला निघण्याआधी पूर्ण जेवण आणि खिशात फुटाण्यांची पुडी, एवढी तजवीज खोलीवर राहणाऱ्या माणसालाही करता येते. कँटीनमध्ये भाताचा डाव अर्धा आणि डाळीचा दुप्पट मागायलाही कुणी जादा पैसे घेत नाही.

व्यायामाबद्दल मी मुद्दाम उशिरा लिहितो आहे. वजन उतरवण्यात त्याचा वाटा खाण्याहून लहान आहे, पण स्नायू टिकवण्यात आणि मधुमेह लांबवण्यात फार मोठा. चेन्नईच्या डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांनी आहार आणि चालणं सुधारलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. पुनावळ्यात चालायला जागा नाही, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. अंडरपासपाशी गाड्यांची रांग, सिमेंटचे डंपर, अर्धवट रस्ते आणि पदपथाच्या नावाने खोदलेली माती. चालण्याजोगा पदपथ हा महापालिकेकडे मागण्याचा हक्क आहे आणि आरोग्याच्या कारणासाठी तो मागायलाच हवा. तोवर सोसायटीची गच्ची आहे, पार्किंगचा फेरा आहे, आणि सतरंजीएवढ्या जागेत होणारे सूर्यनमस्कार आहेत. शंभर वर्षांपूर्वी औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते शाळांमध्ये नेले, ते याच कारणाने की त्यांना ना साधन लागतं ना पैसा. वजन फार असेल किंवा गुडघे दुखत असतील तर जिन्याऐवजी सपाट जागीच चालावं.

शेवटचा आक्षेप वेगाचा. महिन्याला किलोभर म्हणजे काहीच नाही, असं वाटणाऱ्यांना आता इंजेक्शनं खुणावतात. मार्च 2025 मध्ये ‘मौंजारो’ भारतात आलं, तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत 3,500 रुपये होती आणि कुपी आठवड्याला एक लागते. ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण बाकीच्यांनी हे लक्षात घ्यावं की मूळ वजनाच्या पाच ते सात टक्के उतरणंसुद्धा रक्तदाब आणि साखरेसाठी मोलाचं आहे. ऐंशी किलोच्या माणसाला ते चार-साडेपाच किलो पडतात, आणि सहा-आठ महिन्यांत घरच्या जेवणावर ते शक्य आहे.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र जेवणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी आणि बाळाला पाजणाऱ्या आयांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. इतरांनीही सुरुवातीला रक्तातली साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्यावा. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि थेरगावचं रुग्णालय महापालिकेची आहेत, ती आपल्याच करातून चालतात. तिथे जायला संकोच करू नका.