घरची हकीकत

आमच्या बहिणीची नात वसईस आमच्याच घरीं राहून जीवशास्त्राचें उच्च शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत शेजारचीं कॉलेजांतलीं पांच मुलें जीनोमचें वाचन म्हणजे काय तें समजून घेण्यास तिच्याकडे येऊं लागलीं, आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून आम्हीही तो पाठ ऐकूं लागलों.

आरंभ वाडींतल्या केळीपासून झाला. वसईचीं सुकेळीं प्रसिद्धच आहेत. पण खाण्याच्या केळ्यांत रुजणाऱ्या बिया नसतात, म्हणून केळ मुनव्यांपासून लावावी लागते, एवढेंच आमचें ज्ञान. नातीनें सांगितलें कीं, मलायांतल्या एका रानकेळीचा जीनोम फ्रेंच शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें २०१२ सालीं वाचला गेला. तो सुमारें ५२ कोटी अक्षरांचा. त्यांत ३६ हजारांवर जनुकें आढळलीं. अक्षरें मात्र चारच प्रकारचीं. माणसाचा मजकूर याच्या सहापट, म्हणजे ३ अब्जांच्या घरांत.

एवढा मजकूर यंत्र एका दमांत वाचीत नाहीं. पुष्कळशीं यंत्रें एका वेळीं शंभर-दीडशें अक्षरांचाच तुकडा वाचतात. ते तुकडे कसे जुळवावयाचे हें दाखविण्यासाठीं तिनें आमचें एक जुनें पत्र मागून घेतलें, प्रत्येकाकडून त्याची एकेक नक्कल करविली, आणि त्या नकला निरनिराळ्या ठिकाणीं कातरून सगळे कपटे मिसळून टाकले. एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशीं जुळला कीं ते जोडावयाचे. एका मुलाची लेखनांतली चूक इतर चौघांच्या नकलांवरून उमगली. याचसाठीं यंत्राकडून तोच मजकूर ३०-३० वेळां वाचवून घेतात. परंतु ‘पत्रोत्तर सत्वर पाठवावें आणि प्रकृतीस जपावें’ हे शब्द पत्रांत तीनदां आले होते. त्यामुळें मधल्या ओळींची उलटापालट झाली, आणि तरीही एकेक कपटा पाहतां चूक कोठेंच दिसेना.

“अशी उलटापालट माणसांतही होते,” नात म्हणाली. “हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार. त्याच्या ‘अ’ प्रकारच्या तीव्र रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत जनुकाचा एक मोठा भाग उलटा लागलेला असतो. साध्या तुकडेवाचनांत तो बहुधा निसटतो. घराण्यांत तो विकार आहे असें कोणीं सांगितलें, तर मुद्दाम निराळी चांचणी करून शोधतां येतो.”

मुलें पुढच्या कपट्यांकडे वळलीं. आमचा झोपाळा मात्र थांबला.

१९७१ सालीं आमचा भाचा आठव्या वर्षीं वारला. दाढ काढल्यावर त्याचें रक्त थांबलेंच नाहीं. आमचे एक मामाही लहानपणीं असेच गेले होते. रोगाचें नांव डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें होतें. पुढें भाचीचें लग्न ठरतांना मुलाकडच्या मंडळींनीं त्या मुलाविषयीं विचारलें, तेव्हां ‘तापानें गेला’ असें उत्तर आम्हींच दिलें. अक्का कांहीं बोलली नाहीं. गोत्र, नाडी, गुण, सारें पाहिलें. ही एकच गोष्ट आम्हीं कोणास पाहूं दिली नाहीं. भाचीला पुढें एकच मुलगी झाली, म्हणून तें असत्य झांकून राहिलें. ती मुलगी म्हणजेच ही नात.

त्या रात्रीं आम्हीं तिला सर्व सांगितलें. ती रागावली नाहीं. वहींत वंशावळ मांडून म्हणाली, “पणजीचा भाऊ आणि आजीचा मुलगा, म्हणजे आजी वाहक होतीच. आई वाहक असण्याचा संभव निम्मा, माझा पाव.” मग जरा थांबून तिनें विचारलें, “आजोबा, हें आईला कोण सांगणार? तुम्ही कीं मी?”

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या लोकलनें आम्ही दादरास भाचीकडे गेलों. तिनें सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “आईला हें ठाऊक होतें?” आम्हीं होकारार्थी मान हालविली. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

आतां दोघीही तज्ज्ञांच्या सल्ल्यानें ती चांचणी करविणार आहेत. वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांना हें नवें शास्त्र अवश्य शिकूं द्यावें. पण आपल्या घरांत कोण, कोणत्या वयांत, कशानें गेलें, हें वडीलधाऱ्यांनीं त्यांना खरें सांगावें. आम्हांस तें सांगावयास पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं.