शिते संपल्यावर

असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण पुढाऱ्यांना लावून लावून गुळगुळीत झाली आहे. सत्ता आली की माणसं जमतात, गेली की पांगतात. एवढा अर्थ घ्यायचा आणि पुढे जायचं. मी मात्र सध्या तिच्यापाशीच अडून बसलो आहे. म्हण फक्त जमण्याबद्दल बोलते. शिते संपल्यावरही जागची न हलणारी भुते असतात, त्यांच्याविषयी ती काहीच सांगत नाही.

मंचरचे किसनराव बाणखेले आंबेगावचे आमदार होते. 1989 मध्ये जनता दलाच्या तिकिटावर ते खेडमधून लोकसभेवर गेले. ती लोकसभा मार्च 1991 मध्ये विसर्जित झाली. दीड वर्षही नीट भरलं नाही. पुढे 2009 च्या निवडणुकीपासून खेड हा मतदारसंघच राहिला नाही, त्याच्या जागी शिरूर आला. पद गेलं, पदामागचं नावही गेलं. शितांचा हिशेब करायचा तर पातेलं केव्हाच घासून पालथं घातलेलं. आणि तरी त्यांना पाहिलेली पिढी ‘अण्णा’ म्हणते तेव्हा पुढे आडनाव जोडायची तसदी घेत नाही. कोणते अण्णा, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा ठरतो.

अशा माणसाने केलं काय, असं विचारावं तर उत्तर बहुधा एकच येतं: आमच्या दहाव्याला आले होते.

आमच्याकडे दशक्रिया हा नुसता घरचा विधी राहिलेला नाही. घोड, मीना, कुकडीच्या काठावर सकाळी मंडप पडतो, प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. पुढाऱ्याचं एखादं लग्न चुकलेलं खपतं, दहावा चुकलेला खपत नाही. भाषणं लांबली की मागे कुरबुर सुरू होते, पण उठून कोणी जात नाही, कारण कावळा अजून शिवलेला नसतो. म्हणीतली शिते इथे खरोखरची असतात, भाताच्या पिंडात. भुतांची मात्र ओळख पटत नाही. ज्याच्यासाठी भात मांडला तो भूत, की पुढाऱ्याच्या गाडीभोवती उभे असलेले आपण?

कावळा शिवेना की नातेवाईक एकेक पुढे येऊन कबूल होतात. धाकटीचं लग्न करून देऊ. बांधाचा वाद मिटवू. म्हातारीला सांभाळू. कशानेच जमलं नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. घरच्या माणसाचं हे ठीक आहे. त्याच्या इच्छा मोजक्या असतात, आणि त्या पुऱ्या करणारे समोर उभे असतात. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज खिशात घालून फिरावं, त्याचं काय अडकून राहत असेल? त्याच्या पिंडापुढे कबूल कोणी व्हायचं? पाण्याचंच घ्या. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या पाण्याचं कुणी कुणाला काय कबूल करायचं, आणि कोणत्या अधिकाराने?

पाण्यावरून मला अयम आठवतो, आणि एकदा आठवला की हटत नाही. जुन्नरजवळ मानमोडीच्या डोंगरात त्याचा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, गोत्र वत्स, वर्ष 46. दान दिलं एक पोढी आणि एक मंडप. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. पुण्यासाठी, इतकंच लेख म्हणतो. जुन्नरच्या लेण्यांमध्ये धान्याचे व्यापारी आणि कासार यांच्या संघांचीही नावं आहेत, पण मला ओढतो तो हाच सरकारी माणूस. त्याच्या मालकाचं पुढे काय झालं ते आपल्याला नाणी सांगतात. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा ठोकला होता. राजाचा मुखवटा असा बुजला. अमात्याच्या टाक्याचा लेख मात्र कोणी खोडला नाही.

लेखात दान अयमाचं म्हटलं आहे. अमात्याच्या हाती पैसा आला कुठून? नाणेघाटाने येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरच्या जकातीतून, की कुणाच्या भाताच्या खाचरातून? ‘यांच्या निधीतून’ असं लिहिलेल्या बसथांब्यावरच्या पाट्या पाहताना माझा हा संशय बळावतो. ते टाकं त्याने मायेने दिलं, लेख म्हणतो तसं पुण्यासाठी दिलं, की वरच्या साहेबाच्या डोळ्यात भरावं म्हणून? सकाळी त्याच्या दारात माणसं जमत होती का? आणि नहपान हरल्यावर?

इथे एक सोयीस्कर निष्कर्ष हाताशी येतो. खासदार निधीची योजना डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाली. अण्णांची खासदारकी त्याआधीच संपली होती. म्हणजे खासदार म्हणून वाटायला त्यांच्याकडे तसली शितेच नव्हती, आणि म्हणून मागे राहिली ती निखळ माया. वाक्य छान होतं, पण माझाच त्यावर विश्वास बसत नाही. आमदारकी होती, तालुक्यात शब्दाला वजन होतं. वजनदार शब्द हेही शीतच. शिवाय ‘आमच्या दहाव्याला आले होते’ या वाक्यात अण्णा किती आणि आम्ही किती? आपल्या दुःखाची कोणी मोठ्या माणसाने दखल घेतली, याचाच आपल्याला अजून अभिमान वाटत नसेल कशावरून?

अयमाचं काम जवळपास दोन हजार वर्षांनीही वाचता येतं. त्याच्यावर कोणी जीव लावला होता का, ते त्यात नाही. अण्णांचं नेमकं उलट आहे, आणि ज्यांनी त्यांना पाहिलं ती माणसं एकेक करून कमी होत आहेत. ही माया पुढच्यांना द्यायची तर पाटी लावावी लागेल, पुतळा उभारावा लागेल, शाळेच्या पोरांना जयंतीला रांगेत उभं करावं लागेल. मग ती माया राहील का? की माया लावणाऱ्यांबरोबरच ती संपू द्यावी, हेच खरं? तसं असेल तर हे लिहायचंही कारण नव्हतं. आणि नसेल, तर त्यांना न पाहिलेल्या पोराच्या हाती यातून मी नेमकं काय देतो आहे, हे मला सुरुवातीला वाटलं होतं तितकं आता स्पष्ट दिसत नाही.