पेवातली हळद आणि वेर्ण्याचे शेअर

मराठी शिकवणाऱ्याने शेअरबाजाराच्या वाटेस जाऊ नये, असे आमच्या वडीलधाऱ्यांचे मत. २०१२ साली आम्ही ते मोडले. आम्ही दोघे पतिपत्नी. एक साताऱ्याच्या महाविद्यालयात, दुसरी सांगलीच्या. मधोमध कराडला घर घ्यावे म्हणून पैसे साठवले होते आणि ते पुरेसे नव्हते. पैसे पुरेसे नसले की माणसे जे करतात, तेच आम्ही केले.

संगणक-जाळ्यांच्या धंद्याचे आकर्षण जुने होते. एम. ए.च्या वर्षांत, मार्च २००० मध्ये, राउटर व स्विच बनवणारी सिस्को ही कंपनी मायक्रोसॉफ्टला मागे टाकून बाजारमूल्यात जगात पहिली झाल्याची बातमी आम्ही वाचनालयात वाचली होती. शेअर ऐंशी डॉलरांच्या घरात आणि किंमत वार्षिक मिळकतीच्या शंभर पटींहून कितीतरी अधिक. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच शेअर नऊ डॉलरांखाली होता. धंदा खरा, भाव खोटा, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला आणि तो अपुराच घेतला.

आपल्याकडे या धंद्याच्या दोन नोंदणीकृत कंपन्या गोव्यात, वेर्ण्याला होत्या. एकाच घरातून फुटलेल्या: २००९ साली डी-लिंक इंडिया वेगळी झाली आणि उरलेली स्मार्टलिंक. पहिली तैवानी मालकाचा माल देशभर विकणारी. कारखान्याचा भार नाही, पण मालाचा भाव आणि मुद्रा दोन्ही मालकाच्या हाती. दुसरीने २०११ साली आपला डिजिलिंक हा व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिकला सुमारे ५०३ कोटींना विकला. पुढे बाजारात तिची किंमत अशी की, गाठीची रोकड व गुंतवणूकच तीहून अधिक.

साताऱ्याचा पक्ष स्मार्टलिंकचा. शंभराची नोट सत्तरला मिळत असता दुकानदाराचा नफा कशाला मोजायचा! सांगलीचा पक्ष डी-लिंकचा, आणि त्यामागे हरिपूर होते. हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: जमिनीत खोल खड्डा, आत हळदीची पोती, तोंड मातीने बंद. हळद आत वर्षानुवर्षे टिकते. "पेवात किती पोती आहेत हे साऱ्या बाजाराला ठाऊक असतं," सांगलीहून फोन आला, "पण पेव फोडायचं कधी, हे मालक ठरवतो. आपल्या हाती नुसती पोत्यांची यादी." (२००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले, तेव्हा यादी तेवढी कोरडी राहिली.)

युक्तिवाद उत्तम होता. तरीही पैसे स्मार्टलिंकमध्ये गेले, कारण आकडेमोड साताऱ्याची होती आणि आकडेमोडीपुढे उपमेचे चालत नाही, असा मराठीच्या प्राध्यापकांचाही समज असतो.

२०१३ च्या मध्यापासून दीडएक वर्षात डी-लिंक कित्येक पटींनी चढला. स्मार्टलिंकही चढला, त्या मानाने कमी. तोटा झाला नाही. म्हणूनच भांडता येईना. सातारा-सांगली फोनवर महिनाभर केवळ मुलीच्या अभ्यासाविषयी बोलणे चाले. पुढे स्मार्टलिंकने नावापुढे 'होल्डिंग्ज' लावले; म्हणजे पेवानेच आपण पेव असल्याचे मान्य केले म्हणायचे.

स्पर्धेचा अंदाज मात्र दोन्ही पक्षांचा चुकला. आम्ही एका पेटीवाल्याची दुसऱ्याशी तुलना करीत बसलो. आज ब्रॉडबँड देणारी कंपनीच राउटर घरात बसवून जाते. गिऱ्हाइकाला पेटीवरचे नावही ठाऊक नसते. त्यातूनही डी-लिंक तगली, हे आमच्या कोणत्याच वहीत नव्हते.

कराडचे घर झाले, मुख्यतः कर्जावर. डिसेंबर २०२५ मध्ये तिथेच वाचले की सिस्कोने २००० सालचा उच्चांक अखेर ओलांडला. दरम्यान तिची वार्षिक विक्री सुमारे १९ अब्ज डॉलरांवरून ५७ अब्जांच्या आसपास गेली होती. पंचवीस वर्षांनी का होईना, भाव परत आला, असे साताऱ्याने वाचून दाखवले.

"महागाई धरलीस का?" सांगलीने स्वयंपाकघरातून विचारले.