रात्रीच्या गाडीनें शेंदूरजन्याला

मुंबईच्या समुद्रापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत अंतर किती, असें कोणीं विचारिलें, तर आमच्या घरांत उत्तर मैलांत मिळत नाहीं. ‘एक रात्र’ असें मिळतें. रात्रीं आठाच्या सुमारास अमरावतीची गाडी मुंबई सोडते आणि सुमारें पावणेसातशें किलोमीटर तोडून सकाळीं अमरावतीस पोंचते. आमचें शेंदूरजनाघाट त्याही पलीकडे, वरूड तालुक्यांत आहे. नोकरीनिमित्त बाहेर पडलेल्या कित्येक वऱ्हाडी कुटुंबांचा संसार या एका रात्रीच्या दोन टोकांस बांधलेला असतो.

कल्याण मागें पडलें म्हणजे शिदोऱ्या सुटतात. दशमी-चटणी शेजारच्या बाकावर आग्रहानें दिली जाते, आणि त्याबरोबरच ‘आपण कोठले?’ ही चौकशीही होते. कसाऱ्यास गाडीमागें जादा एंजिनें लागतात, कारण पुढील थळघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका खडा आहे. हा घाटमार्ग १८६५ सालीं खुला झाला आणि १८६७ मध्यें रूळ नागपुरास पोंचले. तत्पूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून बंदराकडे जात असे. या लोहमार्गामागें मोठी ओढ त्या कापसाचीच होती. कापसासाठीं घातलेल्या वाटेनें पुढें माणसेंही निघालीं.

मनमाड, चाळीसगांव, भुसावळ हीं स्थानकें झोपेंत केवळ चहावाल्याच्या हाकेनें कळतात. शेगांवास मात्र कोणी ना कोणी उठून बसतें आणि गजानन महाराजांच्या स्थानाला हात जोडतें. अकोल्यास नवीन मंडळी चढतात व डब्यांतली भाषाच बदलते. “कोठी जाता बाप्पा?” असा प्रश्न कानीं पडला, कीं आमच्याही मुखांतून “शेंदूरजन्याले” असेंच निघून जातें. मुंबईंत वाढलेलीं आमचीं मुलें त्यावर हंसतात. पण घर जवळ आल्याची याहून खरी खूण दुसरी नाहीं. मूर्तिजापुराहून अचलपूर व यवतमाळ या दोन दिशांस धांवणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आतां बंद आहे. दिवाळीचे दिवस असले, तर उजाडतांना काळ्या जमिनीवर फुटलेली पांढरी कपाशी दिसते.

अमरावतीपुढची मोर्शी-वरूडची वाट आम्हीं लहानपणापासून एस. टी. नें तुडविली. या शतकाच्या दुसऱ्या दशकांत नरखेडचा नवा लोहमार्ग वरूडवरून गेला. तेथील स्थानकास ‘वरूड ऑरेंज सिटी’ असें नांव मिळालें. तरी रात्रीची गाडी अमरावतीसच संपते, म्हणून शेवटचा टप्पा आम्ही अजून रस्त्यानेंच करतों. मोर्शी सुटली, कीं संत्र्यांच्या बागा दाट होतात आणि उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ उठते.

शेंदूरजना हें कलमांचें गांव. येथील पन्हेरींत जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि तयार झालेलीं कलमें दूरच्या मुलखांत जातात. पाणी मात्र वर्षानुवर्षें खोल चाललें आहे. तालुक्यांत भूजलाचा उपसा भरण्याहून अधिक होतो. आमच्या विहिरीनें गेल्या उन्हाळ्यांत तळ दाखविला. बाग राखावी कीं तोडावी, हा प्रश्न घेऊन थोरले बंधू बसलेले असतात. आईचा प्रश्न याहून लहान असतो: “या खेपेस राहाल ना रे चार दिवस?”

रात्रीच्या गाडीनें घर जवळ आणिलें, यांत संशय नाहीं. परंतु घर जवळ आहे, याच भरंवशावर माणूस दूर राहूं शकतो. ‘एका रात्रीचीच तर वाट’ या वाक्यानें धीर येतो, आणि त्याच वाक्याच्या आधारें परतणें पुढें ढकललें जातें. कलमाला आपल्या पन्हेरींत परत येतां येत नाहीं. माणसाला येतां येतें, एवढाच त्याचा अधिकार मोठा. म्हणून ज्यांचें घर एका रात्रीच्या अंतरावर आहे, त्यांनीं परतीचें तिकीट काढतांना दोन दिवस अधिक धरावे. विहिरीचा निकाल दूरध्वनीवरून लागत नाहीं, आणि आईच्या प्रश्नाचें उत्तरही तेथून देतां येत नाहीं.