दुसऱ्याचे पत्र

आमच्या लहानपणी घरात एक नियम होता. पोस्टकार्ड कोणीही वाचावे. बंद पाकिटाला मात्र ज्याच्या नावाचे असेल त्यानेच हात लावावा. वडिलांचे पाकीट आई कोनाड्यात ठेवी, आणि ते कचेरीतून येईपर्यंत आम्ही पोरे त्यावरचा शिक्का तेवढा न्याहाळीत बसू. त्या काळी पाकिटांतून प्रेमपत्रेही जात. आमची पिढी काही अगदीच सोवळी नव्हती! (हा अंक सौ.च्याही हाती पडणार आहे, तेव्हा अधिक तपशील देत नाही.)

परवा आमची अकरावीतली नात हळूच म्हणाली, "आजोबा, माझ्या मैत्रिणीनं एकाला आपला फोटो पाठवला. तसला. आता तो वर्गभर फिरतोय. माझ्याकडेही आला, मी पुढे पाठवला नाही."

सूनबाई आतून म्हणाली, "पण तिनं पाठवलाच कशाला?"

जो तो हेच विचारतो. पुढे कोणी धाडला, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. पोरीने एकावर विश्वास टाकला. पाकीट फोडले ते बाकीच्यांनी. फोटो विरून जातो, अशीही मुलांची समजूत असते. 2011 साली निघालेल्या स्नॅपचॅटने तीच ग्वाही दिली होती. समोरचा माणूस ते चित्र सहज टिपून ठेवू शकतो, म्हणून 2014 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या ग्वाहीवर दिशाभुलीचा ठपका ठेवला. आणि आपल्याकडे 18 वर्षांखालील मुलांची अशी चित्रे पुढे धाडणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-ब कलमाखाली पहिल्याच अपराधाला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर्गात हे कोणाच्या गावीही नव्हते.

नातीनेच एक उपाय शोधून काढला. 'टेक इट डाउन' नावाची अमेरिकेतली एक विनामूल्य सोय आहे. फोटो आपल्या मोबाइलवरच राहतो. त्याचा आकडी ठसा तेवढा तिकडे जातो, आणि सामील झालेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो हुडकून काढून टाकतात. कुलूपबंद खासगी निरोपांपर्यंत मात्र तिचा हात पोचत नाही. तिथे ज्याने त्यानेच पुसायला हवे. नातीने आपल्याकडचा तेव्हाच पुसला.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. चहाला हात लावीना.

"आजोबा, आईला सांगावंच लागेल?"

"सांगावं लागेल. पण एकटीनं नको."

पाहतो तो सूनबाई चपला घालून दारात उभी होती.