साय आणि खोबरेल

निशिगंधाच्या अत्तरात साय आणायची, पण खोबरेल येऊ द्यायचं नाही, या एका हट्टात माझी अर्धी हयात गेली. साय येते लॅक्टोनांतून. त्यातलं गॅमा-नोनालॅक्टोन घट्ट, गोड, दुधाळ. धंद्यात त्याला अजून ‘आल्डिहाइड सी-१८’ म्हणतात, ते आल्डिहाइड नसलं तरी. थेंबभर जास्त पडलं की गिऱ्हाईक बाटली सरकवतं, ‘‘तेलाचा वास येतोय हो!’’ लहानपणी डोक्यावर थापलेलं तेल आपलं नाक विसरत नाही. फ्रान्सच्या गर्लँने १९१९ च्या ‘मित्सुको’त त्याचाच भाऊबंद सी-१४ घालून पीचची लव आणली, त्यांना तिकडे खोबरेल म्हणून नाक मुरडणारं कोण होतं!

डेल्टा-डेकालॅक्टोन लोण्यातलंच, पण एकटं मिळमिळीत. त्याला अंग यावं म्हणून अ‍ॅसिटिलपायराझिन घ्यावं, तर ते भाजलेल्या दाण्यांचं. सौम्य करून, सुईच्या टोकाने घातलं तरी हात जरा सरकला की निशिगंधात दाण्याचा कूट.

साय आणि दाणे या दोघांना सांधणारं जुनं औषध एकच, चंदन. त्यातल्या बीटा-सँटालॉलमध्ये दूधही आहे आणि सुकामेवाही. कनौजला अत्तर गाळताना देगेतली वाफ पूर्वी भपक्यातल्या चंदनतेलातच उतरायची. आता बऱ्याच भपक्यांत पॅराफिन असतं. जॅवनॉल हे कृत्रिम चंदन मीही वापरतो, चीज चांगली आहे. पण त्यावर ‘अस्सल म्हैसूर’ची चिठ्ठी डकवणाऱ्यांचा चहा मी घेत नाही.

गेल्या दिवाळीपासून मात्र मला चंदनच नीट लागत नाही. गुलाब लागतो, लिंबू लागतं. चंदनाच्या जागी पट्टीवर नुसता कागद. शिकायला आलेली मुलगी हुंगते आणि सांगते, ‘‘काका, साय आलीय, पण दाणे पुढे आलेत.’’ मी गिऱ्हाइकादेखत मान डोलवतो, जणू माझ्या तोंडातलंच बोलली. परवा तिने सी-१८ निम्म्यावर आणलं, पायराझिन काढून टाकलं आणि चिमूटभर हेलिओट्रोपिन घालून बदामाकडून वाट काढली. गिऱ्हाइकं तो निशिगंध पुन्हा मागायला येतात. बाटलीवर नाव माझंच आहे, ते बदलायला हात होत नाही.

तुम्ही चंदन घ्यायला आलात तर मनगटावर लावून तासभर बाजारात हिंडून या. आणि परत आल्यावर मनगट माझ्यापुढे नको, तिच्यापुढे धरा.