गोणपाटातला बर्फ

आमच्या लहानपणी खोडाळ्याला बर्फ यायचा तो लाकडाच्या भुशात, गोणपाटात गुंडाळून. यात्रेच्या दिवशी लादी उतरली की आम्ही पोरं भोवती उकिडवी बसायचो. सकाळची पाटाएवढी लादी दुपारी विटेएवढी व्हायची. वितळणं म्हणजे काय, ते आम्ही तिथं शिकलो.

आता गावात फ्रिज आले. बर्फ हवा तेव्हा मिळतो, त्याभोवती कुणी बसत नाही.

बर्फाभोवती बसणारे आम्ही मोठे झालो, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून हिमनद्या मोजणारी आमची पिढी तयार झाली. १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह आकाशात गेला. चित्र हैदराबादहून यायचं. खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावर ते पसरायचं, वर ट्रेसिंग पेपर, हातात टोक केलेली पेन्सिल. एकास अडीच लाख या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे सव्वाशे मीटर बर्फ! दोघांनी हिमनदीची कड वेगवेगळी काढायची, मग कागदावर कागद ठेवायचा. रेघा जुळल्या नाहीत तर चहा निवेपर्यंत वाद चालायचा.

आता ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसार उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं, रात्रीही पाहतं, बारा दिवसांनी पुन्हा तिथंच येतं. कड संगणक काढतो. आमच्या चित्रावर ढग आला की बावीस दिवस थांबायचं, आणि लहान हिमनद्या तर हातून सुटायच्याच. आजचं काम अधिक चोख आहे, यात शंका नाही. तरी हाताला कड कळायची, ते दिवस गेले याची हुरहूर वाटते.

आठवणीत जुनं सगळं मोठंच दिसतं. खोडाळ्याची लादीही कदाचित एवढी नसेल. पण हिमनद्यांची आठवण तपासता येते. हिमनद्यांचे अभ्यासक डॉ. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती, बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या ताडून पाहिल्या. १९६२ च्या नकाशांत २०७७ चौरस किलोमीटर, उपग्रहचित्रांत १६२८. नकाशा करणाऱ्यांनी कुठं साध्या हिमालाच हिमनदी धरलं असेल, ही शंकाही रास्तच. म्हणून उत्तर ध्रुवाकडे पाहावं. तिथं नकाशा नाही, उपग्रहांचीच सलग नोंद आहे. १९७९ च्या सप्टेंबरात समुद्रावर सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ होता, २०१२ च्या सप्टेंबरात सुमारे ३४ लाख.

ट्रेसिंग पेपर गेला, त्याचं दुःख सोसवतं. पण त्याच्याखाली जो बर्फ होता, तो खरोखरच मोठा होता.